आरंभीची शिल्लक

शस्त्रक्रिया उत्तम झाली, असे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलेले असते. मोडलेल्या खुब्यात नवा सांधा बसलेला असतो, रक्तदाब ठीक असतो, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना कुशल कळविलेले असते. आणि दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास बाबूजी बिछान्यात उठून बसतात. हातातील सलाईनची सुई ओढू लागतात. "गाड्या केव्हाच्या उभ्या आहेत, काट्यावर कोण आहे?" असे दरडावून विचारतात. उशाशी बसलेल्या मुलाला ते दहा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात. "बाबूजी, आपण दवाखान्यात आहोत," असे त्याने सांगितले, तर हा परका माणूस आपल्याला येथे कोंडून ठेवत आहे, अशी त्यांची खात्री होते. सकाळी डॉक्टर फेरीवर येतात तेव्हा तेच बाबूजी त्यांना हात जोडून चहापाण्याचे विचारतात. रात्रभर जागलेला मुलगा डॉक्टरांना काय सांगावे, या विचारात पडतो.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, कोणत्याही पेठेत ज्या घरातील सत्तरी ओलांडलेल्या माणसाची मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यांतील कित्येक घरांनी ते थोड्याफार फरकाने पाहिलेले असते. जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत. वैद्यकशास्त्र त्याला डिलिरियम म्हणते. मराठीत संभ्रमावस्था म्हणता येईल. ती अकस्मात येते, दिवसातून कमीजास्त होते, संध्याकाळनंतर बहुधा वाढते, आणि तिचे मुख्य लक्षण विस्मरण नसून लक्ष न ठरणे हे असते. तिचा एक अबोल प्रकारही आहे. त्यात रुग्ण बरळत नाही, सुई ओढत नाही. भिंतीकडे पाहत निमूट पडून राहतो, विचारले तर एका शब्दात उत्तर देतो, ताट पुढे केले तर घास हातातच राहतो. घरची माणसे म्हणतात, "आज बाबूजी शांत आहेत, आराम पडला." ओरडणाऱ्या रुग्णाकडे सर्वांचे लक्ष जाते. हा दुसरा मात्र बहुधा कोणाच्याच लक्षात येत नाही आणि त्याचा आजार अंगावर निघतो.

अशा रात्रीनंतर घरात दोन मते पडतात. एक म्हणते, वय झाले, आता हे असेच चालायचे. दुसरे म्हणते, मेंदूचा एमआरआय काढा म्हणजे कळेल. एमआरआय निघतो. अहवालात वयपरत्वे मेंदूचे आकुंचन आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जुने बदल, अशा अर्थाची एक ओळ असते. घरातील शिकलेली सून ती वाचून दाखवते आणि संध्याकाळपर्यंत सर्व सोयऱ्यांत बातमी पसरते, की भुलीमुळे बाबूजींचा मेंदू आकसला. त्यानंतर तिसरी गोष्ट सुरू होते. बाबूजींच्या एकट्याच्या नावावर असलेले आडत दुकान, बाजार समितीचा परवाना आणि बँकेतील कॅश क्रेडिट खाते यांचे पुढे काय, या चिंतेने कोणीतरी एक कागद तयार करून रुग्णालयात आणतो आणि बाबूजींच्या हातात पेन देतो.

या तीनही ठिकाणी चूक होते, आणि तिचे मूळ व्यापाऱ्याला सहज ओळखता येण्यासारखे आहे. आरंभीची शिल्लक मांडलेलीच नसताना अखेरच्या शिलकेवरून नफातोटा काढला जातो.

शस्त्रक्रियेनंतर बुद्धीला काही होते, ही शंका नवी नाही. जॉर्ज सॅव्हेज या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने भुलीनंतर उद्भवलेल्या वेडावर 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला तो १८८७ साली. योगायोग असा, की त्याच्या पुढच्याच वर्षी भुलीच्या प्रश्नावर हैदराबादेत मोठे संशोधन सुरू झाले. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांनी १८८८ मध्ये क्लोरोफॉर्म आयोग नेमवून घेतला. निष्कर्षांवर वाद झाला तेव्हा १८८९ मध्ये दुसरा आयोग बसला. त्यासाठी निजामाने पैसा दिला आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने लॉडर ब्रंटन यांना लंडनहून पाठविले. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबल्यामुळे की हृदय थांबल्यामुळे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या प्रयोगांत शेकडो मुक्या जिवांचे प्राण गेले, ही गोष्ट आजही वाचताना मनाला लागते. आणि आयोगाने श्वासाच्या बाजूने दिलेला कौलही पुढे टिकला नाही. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मने थेट हृदयाची लय बिघडू शकते, हे दाखवून दिले. रोगी टेबलावरून जिवंत उतरेल की नाही, ही त्या काळची चिंता होती. आज भूल पुष्कळच सुरक्षित झाली आहे, म्हणून पुढचा प्रश्न विचारणे शक्य झाले आहे: उतरलेला माणूस पूर्वीचाच आहे ना?

हा प्रश्न घरच्या माणसांच्या तोंडून ऐकून कागदावर आणला तो पी. डी. बेडफर्ड यांनी. ऑक्सफर्डचे हे वृद्धचिकित्सक. 'ऑपरेशनपासून आमचे वडील पूर्वीसारखे राहिले नाहीत' ही तक्रार त्यांच्या कानावर इतक्यांदा आली, की त्यांनी भूल दिलेल्या १,१९३ वयस्क रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १९५५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. वृद्धांवर खरोखर आवश्यक असेल तेव्हाच शस्त्रक्रिया करावी आणि गुंगीची औषधे हात राखून द्यावीत, हा त्यांचा सल्ला आजही जुना झालेला नाही. मात्र त्यांच्या हिशेबात एक उणीव होती. नोंदी मागे वळून पाहिलेल्या होत्या. शस्त्रक्रियेपूर्वी त्या माणसांची बुद्धी कशी होती, हे कोणी मोजले नव्हते.

ते मोजमाप पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाले ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत. साठ वर्षांवरील १,२१८ रुग्णांची, हृदयाव्यतिरिक्त अन्य मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर, स्मरणाची व एकाग्रतेची परीक्षा घेण्यात आली. शस्त्रक्रिया न झालेल्या त्याच वयाच्या माणसांचीही तीच परीक्षा त्याच अंतराने घेण्यात आली. एका आठवड्यानंतर रुग्णांपैकी २५.८ टक्के लोकांची घसरण दिसली, तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांची. शस्त्रक्रिया न झालेल्यांत हेच आकडे ३.४ आणि २.८ टक्के होते. म्हणजे तोटा खरा होता, कल्पित नव्हता. पण त्याच रुग्णांतील काहींना एक ते दोन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा रुग्णांत १०.४ टक्के आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांत १०.६ टक्के लोक मागे पडलेले आढळले. दोन्ही रकाने जवळजवळ जुळले. बहुतेकांचा तोटा काळाने भरून निघाला होता, आणि जो उरला त्यातील पुष्कळसा वयाचा होता. ज्यांच्या घरी बायपास झाली आहे, त्यांच्याही कानावर असेच भयंकर आकडे गेलेले असतात. २००१ मधील एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात बायपासनंतर पाच वर्षांनी ४२ टक्के रुग्णांची बुद्धी मंदावलेली आढळली होती. त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. पुढे अमेरिकेतच जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया न करता केवळ औषधांवर ठेवलेल्या हृदयरुग्णांशी तुलना केली, तेव्हा दीर्घकाळात दोघांची उतरण सारखीच निघाली. हृदयाच्या रक्तवाहिन्या ज्या कारणांनी खराब होतात, त्याच कारणांनी मेंदूच्याही होत असतात.

एमआरआयच्या चित्रात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे या हिशेबात बसवून पाहिले पाहिजे. चित्र म्हणजे एका दिवसाची मालमोजणी. गोदामात आज किती पोती आहेत हे त्यातून कळते. काल किती होती, हे कळत नाही. सत्तरीच्या माणसाचा मेंदू विशीतल्या मेंदूपेक्षा थोडा आकसलेला असतो आणि त्यात पांढरे ठिपके असतात. उच्च रक्तदाब आणि मधुमेह जुने असतील तर ठिपके अधिक. हे बदल वर्षानुवर्षांचे असतात, परवाच्या शस्त्रक्रियेचे नव्हेत. बोस्टनमधील संशोधकांनी नियोजित शस्त्रक्रियेच्या आधीच वृद्धांच्या मेंदूची चित्रे काढून ठेवली आणि नंतर कोणाला संभ्रम होतो ते पाहिले. ज्यांना स्मृतिभ्रंश नव्हता अशा त्या लोकांत मेंदूचे आकुंचन वा पांढरे ठिपके आणि शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम यांचा ठळक संबंध आढळला नाही. मेंदूतील तंतूंच्या सूक्ष्म रचनेत आधीपासून असलेल्या बिघाडाशी मात्र संबंध दिसला. पण ते मोजणारी पद्धत संशोधनाची आहे, नेहमीच्या अहवालात ती येत नाही. तेव्हा ज्या ओळीने घर हादरते, त्या ओळीचा आणि त्या रात्रीचा संबंध लावण्यास आधार नाही.

तरीही चित्राने एक गोष्ट दाखविली आहे, आणि ती गंभीर आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 'न्यूरोव्हिजन' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरील १,११४ रुग्णांचा, हृदयाव्यतिरिक्तच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते नवव्या दिवसांत, एमआरआय काढण्यात आला. त्यांतील ७ टक्के लोकांच्या मेंदूत ताज्या पक्षाघाताची लहान खूण सापडली. त्यांचे तोंड वाकडे झाले नव्हते, हातपाय लुळे पडले नव्हते. रुग्णाला नाही, नातेवाइकाला नाही, डॉक्टरांनाही त्याचा पत्ता नव्हता. वर्षभराने अशा छुप्या पक्षाघाताच्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांची बुद्धी उतरलेली होती, इतरांपैकी २९ टक्क्यांची. छुपा पक्षाघात झालेल्यांत शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रमही अधिक होता. आकडेवारीची सवय असलेल्या वाचकाला येथे दोन गोष्टी दिसतील. फरक लक्षणीय आहे. पण ज्यांच्या चित्रात काहीच नव्हते अशांतीलही २९ टक्के उतरले, म्हणजे केवळ या खुणांनी सारा तोटा समजत नाही. आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांचा रकाना येथेही नाही. या अभ्यासाच्या आधारे प्रत्येक वृद्धाचा शस्त्रक्रियेनंतर एमआरआय काढावा, असे म्हणता येत नाही. रक्तदाब, साखर, हृदयाची अनियमित लय आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या केव्हा थांबवायच्या व केव्हा पुन्हा सुरू करायच्या, यांकडे दुर्लक्ष करू नये, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो.

स्कॅन तातडीने करावा लागतो असे प्रसंग आहेत, आणि ते घरच्यांना ठाऊक असावेत. बोलणे अडखळणे, तोंड एका बाजूला ओढले जाणे, एका बाजूच्या हातापायाची शक्ती जाणे, फेफरे येणे, जागे करूनही जाग न येणे, यांपैकी काही दिसले तर वेळ घालवू नये. पडण्यामुळे खुबा मोडला असेल, तर डोक्यालाही मार लागला होता का हे आठवून सांगावे. वृद्धांमध्ये, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जाते आणि पडल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. ते सीटी स्कॅनमध्ये दिसते आणि त्यावर उपाय करता येतो. हे प्रसंग वगळता डिलिरियमचे निदान खाटेशेजारीच होते: आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगून, लक्ष ठरते का पाहून, आणि घरच्यांना एकच प्रश्न विचारून, "हे नेहमी असेच असतात का?" बरळणाऱ्या माणसाला एमआरआयच्या खडखडत्या नळीत स्थिर पडून राहणे जमत नाही, त्यासाठी गुंगीचे औषध द्यावे, तर संभ्रम वाढण्याची भीती. मूळ कारण पुष्कळदा साधे असते. लघवी तुंबलेली असते, चार दिवस शौचाला झालेले नसते, वेदना असतात, जंतुसंसर्ग असतो, रक्तातील सोडियम उतरलेले असते. मेंदूच्या चित्राआधी या गोष्टी पाहाव्या लागतात.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या दिवसांत कुटुंबाच्या हाती बरेच असते, आणि तेच नेमके घाईत निसटते. खुब्याचे हाड मोडले, की नांदेडला न्यावे, छत्रपती संभाजीनगरला न्यावे, की पुण्यात जावई आहेत तेथे न्यावे, या चर्चेत दोन-दोन दिवस जातात. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, तरी मोठ्या शहराची ओढ सुटत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिप अटॅक' या चाचणीत खुबा मोडलेल्या २,९७० रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण सहा तासांत झाली, दुसऱ्याची साधारण चोवीस तासांत. मृत्यूंच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक पडला नाही. डिलिरियम मात्र पहिल्या गटात ९ टक्क्यांना आणि दुसऱ्यात १२ टक्क्यांना झाला. तेथे चोवीस तास हा उशीर समजला गेला होता, हे आपल्या चर्चा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

"पूर्ण भूल नको, कमरेत इंजेक्शन द्या" हा आग्रहही नेहमीचा आहे. कमरेतील इंजेक्शनने मेंदू वाचतो, अशी त्यामागे समजूत असते. २०२१ मध्ये याची दोनदा परीक्षा झाली. अमेरिका-कॅनडातील १,६०० रुग्णांच्या चाचणीत कमरेच्या भुलीनंतर २०.५ टक्के आणि पूर्ण भुलीनंतर १९.७ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला; चीनमधील ९५० रुग्णांच्या चाचणीत हे आकडे ६.२ आणि ५.१ टक्के होते. याबाबतीत दोहोंत निवड करण्यासारखे काही नाही. कोणती भूल द्यायची ते भूलतज्ज्ञांवर सोडावे आणि आपण त्यांना माहिती पुरवावी. ती माहिती द्यायलाच घरे संकोच करतात. बाबूजी गेली पंधरा वर्षे रोज रात्री झोपेची गोळी घेतात, ही गोष्ट घरातही अर्धी गुप्त असते. ती गोळी मेंदूला मंद करते आणि एकाएकी बंद केली तरीही संभ्रम होतो. भूलतज्ज्ञाला ती आधी माहीत असणे दोन्ही कारणांनी आवश्यक आहे.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. दूध-दह्यातून मिळते ते वृद्धांना पुष्कळदा पुरत नाही, कारण वयाबरोबर ते शोषून घेण्याची पोटाची शक्ती घटते. त्याच्या कमतरतेने विस्मरण, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे असे त्रास होतात, आणि ते वार्धक्याच्या खात्यात खतावले जातात. त्यातच भुलीसाठी काही वेळा नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरतात. तो शरीरातील बी-१२ निकामी करतो. ज्याच्याकडे साठा भरपूर आहे त्याला सहसा फरक पडत नाही. ज्याचा साठा तळाला गेला आहे त्याला मज्जासंस्थेचा गंभीर त्रास होऊ शकतो. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी एका साध्या रक्तचाचणीने हे कळते आणि इंजेक्शनांनी भरून काढता येते. ही चाचणी मागून घ्यावी.

पाण्याचेही तसेच आहे. रात्री चारही आहारांचा त्याग करणारे बाबूजी आदल्या संध्याकाळी सहानंतर पाणी घेत नाहीत. सकाळी नवकारशीच्या आधी परिचारिका येऊन "आता काही घेऊ नका" असे सांगून जाते. शस्त्रक्रियेची पाळी दुपारी बाराला येते. म्हणजे मेंदूला सर्वांत जास्त जपायचे त्याच दिवशी अठरा तास पाण्याचा थेंब नाही. भूलशास्त्राचे सर्वमान्य नियम निरोगी पचनाच्या रुग्णाला घन आहार सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत घेऊ देतात. व्रत मोडावे की नाही हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. भूलतज्ज्ञाला व्रत सांगावे, सकाळची पहिली पाळी मागावी किंवा सलाईन लवकर सुरू करून घ्यावे. रुग्णालयातील जेवणात कांदा-बटाटा असेल या शंकेने ज्येष्ठ ताट परत पाठवितात आणि विचारले तर भूक नाही म्हणतात. डबा घरून नेण्याची तजवीज शस्त्रक्रियेच्या आधीच करावी.

मग येतात चष्मा, कानातले यंत्र आणि कवळी. शस्त्रक्रियागृहात जाताना या तिन्ही वस्तू काढून रुमालात बांधतात आणि सूनबाई त्या जपून घरी कपाटात ठेवतात. बाबूजी शुद्धीवर येतात ते अनोळखी खोलीत, न दिसणाऱ्या आणि न ऐकू येणाऱ्या माणसांच्या गराड्यात. पूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून रुग्णाला दिवसचे दिवस उताणे निजवीत. त्या अंधारात पुष्कळांना भास होत, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांत ही गोष्ट प्रसिद्ध होती. पट्ट्या गेल्या, शस्त्रक्रिया सोपी झाली, तसे ते भासही ओसरले. आता तर सिएटलमधील एका दीर्घ अभ्यासात, मोतीबिंदू काढलेल्या वृद्धांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण न काढलेल्यांपेक्षा कमी आढळले आहे. शस्त्रक्रिया म्हटली की बुद्धी जाणार, या भीतीने मोतीबिंदू पिकवत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

येल विद्यापीठातील शॅरन इनोये यांनी १९९९ मध्ये सत्तरीवरील ८५२ रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, पण पद्धत पुढे शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठीही स्वीकारली गेली. औषध एकही नवे नव्हते. वार-तारीख सांगत राहणे, रात्री दिवे आणि आवाज मंद ठेवून झोप होऊ देणे, लवकर उठवून चालविणे, चष्मा व श्रवणयंत्र देणे, पाणी पाजणे, एवढेच. डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. आपल्याकडे हे काम करण्यास घरची माणसे असतात, पण ती एकाच वेळी बारा जण भेटीला येतात आणि रात्री एकटा नातू भ्रमणध्वनी पाहत बसलेला असतो. पाळ्या लावाव्यात. रात्रीच्या पाळीला रोजच्या सहवासातला माणूस असावा. बाबूजी रोज ज्या वेळी सामायिक करतात, त्या वेळी त्यांना ते करू द्यावे. माळ हाताशी ठेवावी. बरळत असतील तेव्हा वाद घालू नये, हात बांधू देऊ नयेत. "गाड्या उतरून घेतल्या, बाबूजी, दादा काट्यावर आहे," एवढे म्हटले तरी पुष्कळ वेळा ते निजतात.

आणि सर्वांच्या आधी आरंभीची शिल्लक. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर स्मरणाची एक छोटी परीक्षा घेऊ शकतात. दहा-पंधरा मिनिटे लागतात. शाळा न शिकलेल्यांसाठी आपल्या देशात तयार झालेल्या परीक्षाही आहेत. मात्र मुरलेल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत त्या थोड्या फसव्या ठरतात. शंभरातून सात सात वजा करीत जा, असे ज्याने पावकी-निमकी-सवायकी पाठ केली आहे त्याला सांगितले, तर तो अर्ध्या झोपेतही उत्तर देईल. आणि तरीही त्याचे काही हरवलेले असू शकते. त्याची खरी कसोटी दुकानात असते. सौदापट्टी पाहून हमाली-तोलाई तोंडी वजा करता येत होती का? कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याची उचल बाकी आहे, हे चोपडी न उघडता आठवत होते का? एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होते का? मुलाने ही चार-सहा निरीक्षणे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावीत, सोबत चालू औषधांची यादी ठेवावी, आणि शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी व वर्षाने तीच निरीक्षणे पुन्हा लिहावीत. न्यूरॉलॉजिस्टला ही वही एमआरआयच्या फिल्मपेक्षा कित्येकदा अधिक उपयोगी पडते. वही लिहिताना काही घरांना असेही आढळते, की घसरण शस्त्रक्रियेच्या दोन वर्षे आधीच सुरू झाली होती. घरातल्यांनी ती सांभाळून घेतल्यामुळे दिसत नव्हती.

राहिला तो रुग्णालयात आणलेला कागद. वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम १२ वाचलेले असते. करार करताना त्याचा अर्थ समजण्याची आणि आपले हित त्यात आहे की नाही हे ठरविण्याची शक्ती माणसात असली पाहिजे, असे ते कलम सांगते. त्याखाली दिलेले एक उदाहरण विसरले जाते. एरवी शहाणा असलेला माणूस तापाच्या भरात बरळत असेल, तर ते बरळणे चालू असेपर्यंत त्याला करार करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी संभ्रमावस्थेचा असा विचार करून ठेवला आहे. ती टिकेपर्यंत बंदी, ती संपली की बंदीही संपली. इच्छापत्रालाही, भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ याच्या कलम ५९ नुसार, हाच न्याय आहे. तेव्हा शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी घेतलेली सही उद्या दुसऱ्या भावाने किंवा बहिणीने न्यायालयात नेली, तर रुग्णालयाच्या नोंदवहीतील त्या रात्रीची परिचारिकेची एक ओळ सारा व्यवहार उलथून टाकू शकते. घरे मोडतात ती अशा कागदांवरून.

पुष्कळांना वाटते, की मुखत्यारपत्र आधी करून ठेवले म्हणजे झाले. तेही अर्धेच खरे आहे. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारा मनाने असमर्थ झाला, की मुखत्याराचा अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी तो कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. काही दिवसांच्या संभ्रमात हे निभावते, पण खरा स्मृतिभ्रंश जडला तर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात खेटे घालावे लागतात. भागीदारी असेल तर एक भागीदार मनाने असमर्थ होणे हे भागीदारी कायदा, १९३२ याच्या कलम ४४ खाली संस्था विसर्जित करण्यासाठी न्यायालयात जाण्याचे कारण ठरते. यावरचे उपाय सर्व शस्त्रक्रियेच्या आधीचे आहेत आणि सर्व साधे आहेत. बचत खाती संयुक्त करून 'दोघांपैकी कोणीही एक अथवा हयात असेल तो' अशी सूचना देणे. एकट्याच्या मालकीचा धंदा वेळीच भागीदारीत आणणे. भागीदारी करारात अशा प्रसंगाचे कलम घालणे. नामनिर्देशन पूर्ण करणे. आणि बाबूजी स्वस्थ असताना, सर्व मुलामुलींच्या देखत, त्यांच्या स्वतःच्या इच्छेने इच्छापत्र होणे. यांतले काही न करता गेलेल्यांचे कॅश क्रेडिट खाते ऐन तुरीच्या हंगामात अडकते.

बँकेत एक दृश्य नेहमी दिसते. शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन महिने झालेले गृहस्थ मुलाच्या आधाराने काउंटरपर्यंत येतात. धनादेशावरील सही नमुना स्वाक्षरीशी जुळत नाही. अक्षर कापरे झालेले असते. मुलगा म्हणतो, "साहेब, अंगठा घ्या." आजारपणामुळे सही करता येत नसेल तर अंगठा घेण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहेच. त्यासाठी दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ही तरतूद हात थकलेल्यांसाठी आहे. ज्यांना कशावर अंगठा देत आहोत हे कळत नाही, त्यांच्यासाठी नाही. म्हणून समजदार अधिकारी आधी खुर्ची देतो, पाणी देतो आणि मुलाकडे न पाहता गृहस्थांनाच विचारतो, "भाईजी, किती रक्कम काढायची आहे? कशासाठी?" काही क्षण जातात. मुलगा उत्तर द्यायला तोंड उघडतो, अधिकारी हाताने त्याला थांबवतो. मग गृहस्थ चष्मा पुसतात आणि सांगतात, "चाळीस हजार. बारदान्याचे द्यायचे आहेत. आणि मागच्या खेपेला तुमच्या माणसाने व्याज दोन दिवसांचे जास्त लावले होते, ते आधी बघा."